‘नाही’ म्हणू पाहणाऱ्या अरब संसदा

1882 च्या जानेवारीत कैरोमध्ये एक वाद चालू होता आणि वरकरणी तो हिशेबाचा होता. नुकत्याच निवडून आलेल्या प्रतिनिधिगृहात गावोगावचे जमीनदार, गावप्रमुख आणि काही व्यापारी बसले होते. देशाच्या महसुलातला जवळपास निम्मा भाग युरोपीय सावकारांचं कर्ज फेडण्यासाठी आधीच बाजूला काढलेला असे. त्या पैशाला हात लावायचा सभासदांचा इरादा नव्हता, तुर्की सुलतानाला जाणाऱ्या खंडणीलाही नाही. उरलेल्या पैशांचा जमाखर्च मात्र सभागृहापुढे यावा आणि सभागृहाच्या मताने मंजूर व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. कैरोत ठाण मांडलेल्या ब्रिटिश आणि फ्रेंच वित्त-नियंत्रकांना तेवढंही मान्य नव्हतं. 8 जानेवारीला दोन्ही सरकारांनी संयुक्त खलिता देऊन इजिप्तचा शासक खेदिव तौफिक याच्या गादीमागे आपण उभे असल्याचं जाहीर केलं. ही धमकी कोणाला आहे, हे इजिप्तमध्ये सगळ्यांना कळलं. सप्टेंबरात ब्रिटिश फौज कैरोत शिरली. तिचा शेवटचा सैनिक इजिप्तमधून बाहेर पडायला 1956 साल उजाडलं.

अरब देशांत लोकशाही का रुजली नाही, या प्रश्नाची उत्तरं आता पाठ झाल्यासारखी दिली जातात. कोणी धर्माकडे बोट दाखवतं, कोणी टोळ्यांकडे, कोणी तेलाकडे. 1882 मध्ये अरबस्तानात कुठेही तेलाची विहीर नव्हती. कैरोच्या सभागृहातल्या वादात धर्माचा संबंध नव्हता. तिथे चाललेला झगडा इंग्लंडच्या संसदेने सतराव्या शतकात आपल्या राजाशी केलेल्या झगड्याच्या जातीचा होता. खजिन्यावर हक्क कोणाचा, हाच त्याचा विषय होता.

1861 पासून 1950 च्या दशकापर्यंतचा अरब देशांचा इतिहास सलग वाचला, तर एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. राज्यघटना लिहिल्या गेल्या, सभा भरल्या, निवडणुका झाल्या. युरोपीय सत्तांनी त्या सरसकट मोडल्या असंही नाही. काही ठिकाणी त्यांनी स्वतःच सभा स्थापन केल्या. संसद जोवर सल्ला देत होती तोवर ती चालत असे. कर्ज, तह किंवा परकी फौज यांपैकी एखाद्या गोष्टीला ती ‘नाही’ म्हणू लागली की तिचे दिवस भरत. हा घाव किती खोल होता आणि दोषाचा किती वाटा घरच्या माणसांचा होता, यावर अभ्यासकांत आजही टोकाचे मतभेद आहेत.

सुरुवात ट्युनिसपासून करावी लागते. तिथला शासक मुहम्मद बे याने 1857 मध्ये ‘अहद अल-अमान’ नावाचा जाहीरनामा काढून मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती अशा सर्व रहिवाशांना जीवित आणि मालमत्तेची हमी दिली. त्याचा वारस सादिक बे याच्या काळात, 1861 मध्ये, अरब जगातली पहिली लिखित राज्यघटना अमलात आली. 60 सभासदांची एक वरिष्ठ परिषद नेमली गेली आणि मंत्री तिला जबाबदार धरले गेले. ही निवडून आलेली सभा नव्हती. सरकारी अधिकारी आणि शहरातले प्रतिष्ठित तिच्यात होते. तरी राजाच्या मर्जीवर कायद्याची मर्यादा आली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. जपानची मेइजी घटना यायला अजून 28 वर्षं होती.

ती घटना तीन वर्षं टिकली. पंतप्रधान मुस्तफा खझनदार खजिना लुटत होता. पॅरिसच्या एर्लांजे पेढीकडून 1863 मध्ये घेतलेलं कर्ज फेडण्यासाठी ‘मेजबा’ हा माणशी कर 36 पियास्टरवरून 72 वर नेला गेला. टोळ्या आणि शेतकरी पेटून उठले. गावच्या गरिबाला नव्या घटनेतून वाढीव कराशिवाय काही दिसलं नव्हतं, म्हणून बंडखोरांच्या मागण्यांत घटना रद्द करण्याचीही मागणी होती. फ्रेंच वकिलालाही ती घटना नको होती. बेने 1864 मध्ये ती स्थगित केली. कर्ज मात्र स्थगित झालं नाही. 1869 मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि इटली यांच्या वित्त आयोगाने तिजोरी ताब्यात घेतली आणि 12 मे 1881 रोजी बार्डोच्या तहाने ट्युनिशिया फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला. मधल्या काळात खैरुद्दीन पाशाने जबाबदार शासन इस्लामी परंपरेशी कसं जुळतं हे सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला आणि पंतप्रधान म्हणून सुधारणाही केल्या. या माणसाला दहा वर्षं आणि कर्जमुक्त तिजोरी मिळाली असती, तर उत्तर आफ्रिकेचा इतिहास निराळा झाला असता, असं मानायला जागा आहे.

इजिप्तची कथा याच वळणाने गेली, फक्त आकडे मोठे होते. खेदिव इस्माइलने 1866 मध्ये 75 सभासदांची सल्लागार सभा भरवली, ती बरीचशी शोभेसाठी. कालवे, रेल्वे, राजवाडे आणि सुएझ कालव्याचा उद्घाटन सोहळा यांत कर्ज वाढत गेलं आणि 1876 पर्यंत ते 9 कोटी पौंडांच्या घरात पोचलं. 1875 मध्ये कालव्याचे शेअर डिझरायलीच्या ब्रिटिश सरकारला सुमारे 40 लाख पौंडांना विकावे लागले. मग कर्जवसुलीची आंतरराष्ट्रीय कचेरी आली, तिच्या पाठोपाठ ब्रिटिश आणि फ्रेंच नियंत्रक आले आणि 1878 मध्ये तर मंत्रिमंडळातच एक इंग्रज आणि एक फ्रेंच मंत्री बसले. शोभेची सभा त्याच वेळी जागी झाली. परक्या मंत्र्यांना जाब विचारणारे सभासद घरी जायला नकार देऊ लागले. पंतप्रधान शरीफ पाशाने मंत्रिमंडळाला सभागृहापुढे जबाबदार धरणारा मसुदा तयार केला. पण 1879 मध्ये युरोपच्या दडपणाने सुलतानाने इस्माइललाच गादीवरून उतरवलं आणि मसुदा बासनात गेला.

दोन वर्षांनी कर्नल अहमद उराबी पुढे आला. तो खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातला होता, तर लष्करातल्या मोक्याच्या जागा तुर्की-चेर्केस घराण्यांच्या हाती होत्या. 9 सप्टेंबर 1881 रोजी त्याने पलटणी घेऊन आब्दीन राजवाड्यासमोर मैदान भरलं आणि तीन मागण्या केल्या: मंत्रिमंडळ बदला, फौज 18,000 करा, प्रतिनिधिसभा बोलवा. बंदुका बरोबर घेऊन मागितलेली संसद ही लोकशाहीची आदर्श सुरुवात नव्हे. पण त्या मागणीमागे जमीनदार, उलेमा, व्यापारी आणि वृत्तपत्रांचे संपादक एकत्र आले होते, हे तितकंच खरं. 1882 च्या फेब्रुवारीत मंजूर झालेल्या मूलभूत कायद्याने सभागृहाला अंदाजपत्रकाच्या उरलेल्या भागावर मत देण्याचा हक्क दिला. जूनमध्ये अलेक्झांड्रियात दंगल झाली, 11 जुलैला ब्रिटिश आरमाराने त्या शहरावर तोफा डागल्या आणि 13 सप्टेंबरला तेल-अल-केबीरच्या लढाईत उराबीची फौज पहाटेच्या हल्ल्यात मोडली. त्या मोहिमेत हिंदुस्थानातून पाठवलेल्या पलटणीही होत्या. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या खासगी गुंतवणुकीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग इजिप्तच्या कर्जरोख्यांत होता, हे त्यांच्या चरित्रकारांनीच दाखवून दिलं आहे.

उराबीची रवानगी सिलोनला झाली. कैरोत आला एव्हलिन बेअरिंग, पुढचा लॉर्ड क्रोमर, तो थेट कलकत्त्याहून, व्हाइसरॉयच्या मंडळातलं अर्थखातं सोडून. त्याचा हुद्दा ‘कॉन्सल-जनरल’ असा साधा होता, पण इंदूर किंवा बडोद्याच्या रेसिडेंटला ठाऊक असलेली कला त्याने नाईलकाठी 24 वर्षं राबवली. कालवे सुधारले, कर्जाचे हप्ते वेळेवर गेले, कापूस वाढला. 1883 मध्ये दिलेल्या नव्या सभांना सल्ला देण्यापलीकडे फारसा अधिकार नव्हता आणि शिक्षणावरचा खर्च क्रोमरने मुद्दाम कमी ठेवला. मतदार घडवणाऱ्या शाळाच निघाल्या नाहीत आणि पुढे मतदार अशिक्षित आहेत हेच स्वराज्य नाकारण्याचं कारण ठरलं.

याच काळात ऑटोमन साम्राज्याच्या राजधानीतही संसद भरली होती, हे विसरता कामा नये. 1876 च्या घटनेनुसार इस्तंबूलला भरलेल्या सभागृहात अरब प्रांतांचे प्रतिनिधी होते. जेरुसलेमचा युसूफ झिया अल-खालिदी तर सुलतानावर उघड टीका करणाऱ्यांत आघाडीवर होता. 1878 मध्ये अब्दुल हमीदने ती संसद तीस वर्षांसाठी बंद केली. युरोपने त्याला तसं सांगितलेलं नव्हतं; रशियाशी झालेल्या युद्धाचं निमित्त त्याला पुरलं. 1908 नंतर निवडणुका पुन्हा सुरू झाल्या आणि दमास्कस, बैरूत, बगदादमधल्या एका पिढीने प्रचार, पक्ष, मतपेटी आणि सभागृहातली भाषणं हे सगळं अनुभवलं. 1919 साली दमास्कसमध्ये जे जमले ते कोरी पाटी घेऊन आलेले नव्हते.

दमास्कसच्या त्या तेरा-चौदा महिन्यांपाशी थोडं थांबायला हवं.

पहिलं महायुद्ध संपताना ब्रिटन आणि फ्रान्सने 7 नोव्हेंबर 1918 रोजी संयुक्त घोषणा केली होती, की सीरिया आणि मेसोपोटेमियातल्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या पसंतीची सरकारं मिळतील. तीच दोन सरकारं मे 1916 च्या सायक्स-पिको करारात हा प्रदेश आपसांत वाटून मोकळी झाली होती. जून 1919 मध्ये दमास्कसला ‘सीरियन काँग्रेस’ भरली. आजचा सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि जॉर्डन या साऱ्या भागांतून प्रतिनिधी आले. काही जुन्या ऑटोमन पद्धतीने निवडलेले होते. जिथे फ्रेंच किंवा ब्रिटिश फौजांनी निवडणूक होऊ दिली नाही तिथले प्रतिष्ठितांनी पाठवलेले होते. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी पाठवलेला किंग-क्रेन आयोग गावोगाव हिंडून लोकांचं म्हणणं विचारत होता. त्याच्याकडे 1,863 अर्ज आले. त्यांतल्या 80 टक्क्यांहून अधिक अर्जांत अखंड सीरियाची मागणी होती. बाहेरची मदत घ्यावीच लागली तर पहिली पसंती अमेरिकेला होती, मग ब्रिटनला. फ्रान्सला बहुसंख्यांचा विरोध होता. आयोगाने ऑगस्टमध्ये अहवाल दिला. तो शांतता परिषदेपुढे कधी आला नाही आणि छापून प्रसिद्ध झाला तो 1922 मध्ये, सगळे निर्णय होऊन गेल्यावर.

8 मार्च 1920 रोजी काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि तुर्कांविरुद्धच्या अरब उठावाचा नेता अमीर फैसल याला राजा केलं, पण घटनेने बांधलेला राजा. मे महिन्यात काँग्रेसचं अध्यक्षपद रशीद रिदा यांच्याकडे आलं. रिदा हे कैरोहून निघणाऱ्या ‘अल-मनार’ मासिकाचे संपादक, इस्लामी सुधारणावादातलं त्या पिढीतलं मोठं नाव. फैसलशी त्यांचा खटका उडाला तेव्हा त्यांनी राजाला ऐकवलं, की तुम्ही काँग्रेसला निर्माण केलं नाही, काँग्रेसने तुम्हाला राजा केलं. हा प्रसंग त्यांनीच पुढे लिहून ठेवला आहे. एका धर्मपंडिताने राजाला लोकसभेचं श्रेष्ठत्व सुनावणं हे ज्यांना अरब इतिहासात अशक्य वाटतं, त्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

घटनेच्या मसुद्यात जवळपास दीडशे कलमं होती. दोन सभागृहं, संसदेला जबाबदार मंत्रिमंडळ, प्रांतांना मोठी स्वायत्तता, अल्पसंख्याकांसाठी राखीव प्रतिनिधित्व, सर्व धर्मीयांना समान नागरिकत्व. राजा मुसलमान असावा असं म्हटलं होतं, पण राज्याला अधिकृत धर्म दिलेला नव्हता. या एका गोष्टीवर धर्मपंडित आणि पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले वकील यांनी तडजोड केली होती. एप्रिलमध्ये स्त्रियांच्या मताधिकारावर सभागृहात गरमागरम चर्चा झाली. निर्णय पुढे ढकलला गेला. फ्रान्समधल्या स्त्रियांना मताधिकार मिळायला त्यानंतर 24 वर्षं लागली.

दरम्यान 25 एप्रिलला इटलीतल्या सान रेमो गावात ब्रिटन आणि फ्रान्सने मँडेट, म्हणजे राष्ट्रसंघाच्या नावाने कारभार करण्याचे अधिकार, वाटून घेतले. राष्ट्रसंघाच्या कराराच्या 22 व्या कलमात लिहिलं होतं, की मँडेट कोणाला द्यायचा हे ठरवताना तिथल्या लोकांची इच्छा मुख्य मानली जाईल. बैरूतचा फ्रेंच उच्चायुक्त जनरल गूरो याने 14 जुलैला फैसलला निर्वाणीचा खलिता दिला: मँडेट स्वीकारा, फौज मोडा. फैसल कचरला, काँग्रेसने विरोध केला, दमास्कसच्या रस्त्यांवर लोक उतरले. शेवटी फैसलने अटी मान्य केल्या, सैन्य विखुरलंही, पण उत्तर वेळेत पोचलं नाही असं कारण सांगून फ्रेंच फौज चालून आली. 24 जुलैला मैसलूनच्या खिंडीत युद्धमंत्री युसूफ अल-अझमा उरलेसुरले सैनिक आणि स्वयंसेवक घेऊन रणगाडे आणि विमानांसमोर उभा राहिला आणि मारला गेला. घटनेचा मसुदा पूर्ण मंजूर व्हायचा राहून गेला.

त्यानंतर फ्रेंचांनी देशाचे तुकडे केले: बृहत् लेबनॉन, दमास्कसचं राज्य, अलेप्पोचं राज्य, अलावींचं वेगळं, द्रूझांचं वेगळं. स्थानिक पलटणींत अल्पसंख्याक समाजांतून जास्त भरती झाली. 1925 मध्ये बंड पेटलं तेव्हा दमास्कसच्या भर वस्तीवर तोफांचा मारा झाला. 1928 मध्ये पुन्हा घटना समिती निवडली गेली आणि हाशिम अल-अतासी तिचा अध्यक्ष झाला. 1920 मध्येही तो काँग्रेसचा अध्यक्ष आणि मग पंतप्रधान होता. नव्या मसुद्यातली सहा कलमं फ्रेंच उच्चायुक्ताला खटकली, कारण ती देशाच्या अखंडतेबद्दल, तह करण्याच्या आणि सैन्य उभारण्याच्या अधिकारांबद्दल होती. सभासदांनी ती गाळायला नकार दिला. सभा तहकूब झाली, पुन्हा तहकूब झाली आणि 1930 मध्ये उच्चायुक्ताने ती घटना स्वतःच जाहीर केली, शेवटी एक जादा कलम जोडून. मँडेटच्या जबाबदाऱ्यांशी विसंगत असं घटनेतलं काहीही लागू होणार नाही, असं ते कलम सांगत होतं. 29 मे 1945 रोजी, म्हणजे युरोपात हिटलरचा पाडाव होऊन तीन आठवडे झाल्यावर, फ्रेंच फौजेने दमास्कसच्या संसद भवनावर हल्ला केला आणि तिथल्या बंदोबस्तावरचे सीरियन शिपाई मारले गेले. दीड वर्षापूर्वी शेजारच्या लेबनॉनमध्ये निवडून आलेल्या संसदेने घटनेतून मँडेटचे उल्लेख काढले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिशारा अल-खूरी आणि पंतप्रधान रियाद अल-सुल्ह यांना घरातून उचलून तुरुंगात टाकलं होतं. लोक रस्त्यावर आल्यावर अकरा दिवसांनी त्यांना सोडावं लागलं.

इराकमधल्या ब्रिटिशांची रीत अधिक मुरब्बी होती. या देशाशी महाराष्ट्राचं रक्ताचं नातं आहे: 1914 मध्ये बसऱ्यात उतरलेली ‘सहावी पूना डिव्हिजन’ आणि तिच्यातल्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात पाच महिने अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला शरण गेल्या. पुढे बगदाद हाती आल्यावर ब्रिटिशांनी तिथला कारभार हिंदुस्थानी नमुन्यावर उभा केला. रुपया हेच चलन 1932 पर्यंत चाललं. टोळ्यांसाठी वायव्य सरहद्दीवरून उचललेला वेगळा कायदा लावला आणि शेखांना आपापल्या टापूत न्याय देण्याचे अधिकार दिले. जे शेख तुर्कांच्या अमलाखाली हळूहळू दुबळे होत चालले होते, त्यांना नवं बळ मिळालं, पुढे जमिनीही मिळाल्या. इराकच्या संसदेत दीर्घकाळ हेच शेख बसत राहिले. 1920 चं मोठं बंड हिंदुस्थानी पलटणी आणि विमानांतले बॉम्ब यांनी मोडल्यावर, दमास्कसहून हाकललेल्या फैसलला 1921 मध्ये बगदादच्या गादीवर बसवलं गेलं. सार्वमतात त्याला 96 टक्के मतं पडल्याचं सांगण्यात आलं. गादीसाठी उत्सुक असलेला बसऱ्याचा सय्यद तालिब याला त्याआधीच अटक करून सिलोनला पाठवून दिलं होतं.

1924 च्या घटना समितीपुढे पहिलं काम आलं ते ब्रिटनशी केलेला तह मंजूर करण्याचं. सभासद अडून बसले, कारण परक्या सल्लागारांचा आणि फौजेचा बराच खर्च इराकच्या माथी येणार होता. उच्चायुक्ताने मुदत घातली: 10 जूनच्या मध्यरात्रीपर्यंत मंजुरी द्या, नाहीतर समिती विसर्जित. रात्री सभासदांना घरांतून बोलावून आणण्यात आलं. शंभरातले 69 हजर झाले. 37 बाजूने, 24 विरोधात, 8 तटस्थ. तह मंजूर झाला. इराकी संसदेच्या आयुष्याची ही सुरुवात होती. पुढची तीस वर्षं, थोडे अपवाद सोडले तर, निवडणुकांचे निकाल मंत्रिमंडळ ठरवत असे. जून 1954 मध्ये त्यातल्या त्यात मोकळी निवडणूक झाली आणि विरोधकांना मोजक्याच जागा मिळाल्या. अनेकदा पंतप्रधान झालेल्या नुरी अल-सईदला तेवढ्याही सहन झाल्या नाहीत आणि ते सभागृह काही आठवड्यांतच बरखास्त झालं. चार वर्षांनी, 14 जुलै 1958 रोजी, लष्कराने राजघराण्याला गोळ्या घातल्या तेव्हा संसदेसाठी रडणारं बगदादमध्ये फारसं कोणी उरलं नव्हतं.

इजिप्तमध्ये 1919 च्या उठावानंतर ब्रिटनने 1922 मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य दिलं, पण चार बाबी स्वतःकडे राखल्या. त्यांत देशाचं संरक्षण, दळणवळणाचे मार्ग आणि सुदान यांचा समावेश होता. 1924 ची निवडणूक राष्ट्रवादी झगलूल पाशाच्या वफ्द पक्षाने सुमारे 90 टक्के जागांसह जिंकली. नोव्हेंबरात सुदानचा गव्हर्नर-जनरल सर ली स्टॅक याचा कैरोत खून झाला. ब्रिटिश उच्चायुक्त लॉर्ड ॲलनबीने पाच लाख पौंडांचा दंड आणि सुदानमधून इजिप्ती फौज हलवण्याची मागणी केली आणि झगलूलने राजीनामा दिला. पुढच्या निवडणुकीनंतर भरलेल्या सभागृहाने त्याला सभापती निवडलं, तर राजा फुआदने त्याच दिवशी सभागृह विसर्जित केलं. 1923 ते 1952 या तीस वर्षांत, मोकळी निवडणूक हमखास जिंकणारा वफ्द पक्ष सगळा मिळून जेमतेम सात-आठ वर्षं सत्तेवर राहिला. बाकीचा काळ राजवाड्याच्या मर्जीतली मंत्रिमंडळं आली आणि राजवाडा ब्रिटिश वकिलातीच्या कलाने चालला. 4 फेब्रुवारी 1942 रोजी राजदूत लॅम्पसनने आब्दीन राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा घातला आणि राजा फारूककडून वफ्दचा नेता नह्हास पाशा याचं सरकार बसवून घेतलं. जनतेचा पक्ष ब्रिटिश रणगाड्यांच्या आडून सत्तेवर आला, हे तरुण लष्करी अधिकाऱ्यांच्या मनाला फार लागलं. गमाल अब्देल नासर त्यांच्यातलाच एक.

अल्जीरियात तर संसदीय मार्गाने जाऊ पाहणाऱ्या माणसाची परीक्षाच घेतली गेली. सेतिफ गावात औषधाचं दुकान चालवणारे फरहात अब्बास फ्रेंच संस्कृतीत वाढलेले होते आणि फ्रान्सशी जोडलेलं स्वायत्त प्रजासत्ताक मागत होते. जून 1946 मध्ये त्यांच्या पक्षाने मुसलमान मतदारांच्या गटातल्या 13 पैकी 11 जागा जिंकल्या. 1947 च्या कायद्याने 120 जागांची विधानसभा दिली. त्यातल्या 60 जागा दहा लाखांहून कमी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गटाला आणि 60 सुमारे ऐंशी लाख मुसलमानांना. एवढंही पुरेसं वाटलं नाही म्हणून 1948 ची निवडणूक सरकारी यंत्रणेने उघडपणे फिरवली. उमेदवार पकडले गेले, पेट्या भरल्या गेल्या. अब्बास आणखी काही वर्षं थांबले. 1956 मध्ये ते कैरोला जाऊन सशस्त्र लढा देणाऱ्या एफएलएनमध्ये सामील झाले.

पॅलेस्टाइनमध्ये प्रातिनिधिक सभा बसलीच नाही. 1922 च्या विधिमंडळाच्या योजनेवर अरबांनी बहिष्कार घातला, कारण तिच्यात बहुसंख्य असूनही त्यांना निर्णायक मत नव्हतं आणि ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ करणाऱ्या बाल्फोर घोषणेवर बोलण्याची सोय नव्हती. 1935 मध्ये पुन्हा योजना आली तेव्हा ती ब्रिटिश संसदेतल्या विरोधापुढे बारगळली. वर्षभरात अरबांचं बंड सुरू झालं.

या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या दृष्टी आहेत. बगदादमध्ये जन्मलेले इतिहासकार एली केदूरी यांच्या मते घटनात्मक शासन ही अरब राजकीय परंपरेला परकी गोष्ट होती. ती वरून चिकटवली गेली आणि गळून पडली. उलट अमेरिकन इतिहासकार एलिझाबेथ थॉम्पसन यांनी 2020 मध्ये दमास्कसच्या काँग्रेसवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच पश्चिमेने अरबांची लोकशाही चोरली असं सांगणारं आहे. थॉम्पसन यांनी काँग्रेसमधल्या चर्चांना जिवंत केलं, हे त्यांचं मोठं काम. पण ती सभा टिकली असती तर लोकशाही नक्की नांदली असती, असं कोणी म्हणू शकत नाही. माउंट लेबनॉनमधल्या बऱ्याच मारोनी ख्रिस्त्यांना दमास्कसची सत्ता नकोच होती, त्यांना फ्रान्सचं छत्र हवं होतं. खुद्द फैसल काँग्रेसच्या पाठीमागे पॅरिसला फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोशी बोलणी करत होता. सगळीकडे जमीनदार वरचढ होते.

तरीही केदूरींचा निष्कर्ष पटत नाही. त्यांनी दाखवलेले दोष त्या काळच्या कुठल्याही संसदेत सापडतात. 1882 मध्ये इंग्लंडच्या खेड्यांतल्या बहुसंख्य शेतमजुरांना मत नव्हतं आणि लॉर्डांच्या घराण्यांचं वजन इजिप्तच्या जमीनदारांहून कमी नव्हतं. फरक असा, की वेस्टमिन्स्टरच्या संसदेने राजाशी भांडून एकेक हक्क मिळवला आणि त्या भांडणात तिसऱ्या कोणाचं आरमार टेम्स नदीत येऊन उभं राहिलं नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे हिंदुस्थानचा प्रश्न येणारच. साम्राज्य तेच, मग इथे संसद कशी रुजली? ब्रिटिशांनी इथेही नकार सहन केला नाही. 1923 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने मिठावरचा कर दुप्पट करायला विरोध केला, तर व्हाइसरॉय रीडिंगने आपल्या खास अधिकाराने तो लागू केला. पण इथल्या सभा मोडल्या गेल्या नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिल्या. 1937 मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आलं तेव्हा काँग्रेसकडे पन्नास वर्षांची संघटना होती, आणि तिच्यापाशी विधिमंडळाबाहेरही जनता होती. स्वातंत्र्य जाहीर केल्यावर दमास्कसला जेमतेम पाच महिने मिळाले, कैरोला 1882 मध्ये नऊ. शिवाय हिंदुस्थानचा कारभार 1947 पर्यंत एकसंध होता, तर बृहत् सीरियाच्या नेत्यांना 1920 नंतर एकमेकांना भेटायला सरहद्दी ओलांडाव्या लागत होत्या.

अरब समाजात संसदेच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शक्ती या काळात एकमेकींपासून तुटल्या आणि हे नुकसान आजवर भरून आलेलं नाही. 1920 मध्ये रशीद रिदा आणि पाश्चात्त्य वळणाचे वकील एकाच घटनेवर काम करत होते. मैसलूननंतर रिदांचा पश्चिमेच्या उदारमतवादावरचा विश्वास उडाला. ते खिलाफतीकडे आणि पुढे सौदी राजवटीच्या समर्थनाकडे वळले. त्यांचे वाचक असलेल्या हसन अल-बन्ना यांनी 1928 मध्ये, सुएझ कालवा कंपनीचं मुख्य ठाणं असलेल्या इस्माइलिया गावात, मुस्लिम ब्रदरहूड स्थापन केली. दुसऱ्या बाजूला उदारमतवादी मंडळी तह आणि तडजोडी करत राहिली आणि परक्यांची माणसं म्हणून बदनाम झाली. स्वातंत्र्याची भाषा लष्करी अधिकाऱ्यांकडे गेली. सीरियातून फ्रेंच फौज 17 एप्रिल 1946 ला बाहेर पडली आणि 30 मार्च 1949 ला कर्नल हुस्नी अल-झईमने संसद बंद केली. इजिप्तमध्ये 23 जुलै 1952 ला हेच झालं. नासरने कालवा परत घेतला. ते काम वफ्दच्या कुठल्याही सरकारला जमलं नव्हतं. त्या अभिमानाच्या लाटेत पक्ष बंद केल्याचं कोणाला फारसं खुपलं नाही. पण पक्ष बंद करण्याचा निर्णय नासर आणि त्याच्या सहकारी अधिकाऱ्यांचा होता आणि त्यानंतरच्या तुरुंगांची जबाबदारी लंडन किंवा पॅरिसवर टाकता येत नाही.

2011 मध्ये ट्युनिशियाने घटना समितीसाठी मतदान केलं. 26 जानेवारी 2014 रोजी इस्लामवादी आणि धर्मनिरपेक्ष सभासदांनी मिळून नवी घटना 200 विरुद्ध 12 मतांनी मंजूर केली. त्या सभागृहातला वाद आणि तडजोड वाचताना 1920 च्या दमास्कसची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 25 जुलै 2021 रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली आणि दारात लष्कराची गाडी उभी केली. या वेळी बाहेरून कोणी खलिता पाठवला नव्हता. बेरोजगारी, महागाई आणि डोक्यावरचं कर्ज यांना कंटाळलेल्या अनेक नागरिकांनी त्या रात्री रस्त्यावर येऊन आनंद साजरा केला.